पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत उत्तरतालिका (की) चुकली असेल, तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) काय टिकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा पोलीस शिपाई भरती, ग्राउंड (मैदानी चाचणी) 41, लेखी 83, एकूण 124. स्वतःच्या प्रवर्गातला शेवटचा निवडलेला उमेदवार 125 वर. पेपरातल्या दोन प्रश्नांची अंतिम उत्तरतालिकेतली (मुलांच्या भाषेत फायनल कीमधली) उत्तरं चुकीची आहेत असं उमेदवाराचं म्हणणं. पहिल्या कीवर मुदतीत आक्षेप घेतला होता, पण फायनल की तशीच राहिली. आता निवड यादी लागली आहे. कोर्टात जावं का, टिकेल का, आणि पोलीस खात्याविरुद्ध केस केली म्हणून पुढच्या भरतीत त्रास होईल का?

सेवाविषयक प्रकरणं चालवणारा वकील म्हणून दर भरतीनंतर हा प्रश्न माझ्याकडे येतो. आलेला प्रत्येक जण कायद्यापासून सुरुवात करतो. मी त्याला आधी पाटी-पेन्सिल घ्यायला लावतो, कारण यातली बरीच प्रकरणं कायद्यावर पडत नाहीत, बेरजेवर पडतात.

तुमचा हिशोब असा आहे: दोन प्रश्न दुरुस्त झाले की माझे 126, म्हणजे मी 125 वाल्याच्या पुढे. यात एक गोष्ट सुटली आहे. की बदलली तर ती फक्त तुमच्यापुरती बदलत नाही, तो पेपर दिलेल्या सगळ्यांसाठी बदलते.

एकच प्रश्न घ्या. कीमध्ये उत्तर ‘ब’, तुमच्या मते बरोबर ‘क’, आणि तुम्ही ‘क’ गोल केला आहे. की ‘ब’ ऐवजी ‘क’ झाली, तर तुम्ही 125 वर जाता आणि ज्यांनी ‘ब’ लिहिलं होतं त्यांचा एकेक गुण जातो. 125 वाल्याने ‘ब’ लिहिलं असेल तर तो 124 वर येतो आणि तुम्ही सरळ पुढे जाता. त्यानेही ‘क’च लिहिलं असेल तर तो 126 वर जातो आणि अंतर जिथल्या तिथे राहतं. शिवाय तुमच्याबरोबर 124 वर अडकलेली मुलं असतात. एका गुणावर एकच मुलगा उभा आहे असं पोलीस भरतीत फारसं होत नाही. त्यांच्यातल्या ज्यांनी ‘क’ लिहिलं ते तुमच्यासोबतच वर येतात. मग समान गुणांचे निकष लागतात, वयाने मोठा कोण वगैरे. ते जाहिरातीत दिलेले असतात, पण नापास होईपर्यंत कुणी वाचत नाही.

दुसरी शक्यता, प्रश्नच रद्द होतो आणि सगळ्यांना एक गुण दिला जातो. ‘ब’वाल्याला तो गुण आधीच मिळालेला आहे, तुम्हाला आता मिळतो. तुम्ही 125, तोही 125, म्हणजे पुन्हा बरोबरी. तिसरी शक्यता, प्रश्न रद्द होतो आणि गुण कुणालाच मिळत नाही. तेव्हा ‘ब’वाला एकाने खाली येतो, तुम्ही तिथेच, आणि बरोबरी होतेच. म्हणजे त्याच चुकीच्या प्रश्नातून तुम्हाला दोन गुणांचा फरकही मिळू शकतो, एकाचा मिळू शकतो किंवा काहीच मिळत नाही. सगळं अवलंबून आहे ते चूक कुठल्या प्रकारे दुरुस्त होते आणि तुमच्या वरच्या-खालच्यांनी काय गोल केलंय यावर. म्हणून अर्जात ‘की दुरुस्त करावी’ मागायचं की ‘प्रश्न रद्द करावा’ हे या आकड्यांवरून ठरवायचं. दोन्ही मागण्या एकाखाली एक टाकून देणारे वकील असतात. दुसरी मागणी आपल्याच अशिलाच्या मुळावर येते का, हे त्यांनी तपासलेलं नसतं. आणि त्या प्रश्नाला तुम्ही ‘ब’ही लिहिलं नव्हतं आणि ‘क’ही नाही, तर की दुरुस्त होऊन तुम्हाला मिळणार काय? असे अर्जदारही येतात. प्रश्न चुकीचा होता या रागात स्वतःच्या ओएमआरची, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेची, कार्बन कॉपी पाहायचीच राहून जाते.

हिशोब जमला तर पुढे कायदा. इथे एक गोष्ट मनाशी पक्की करा: न्यायालय पेपर तपासत नाही. 1983 च्या कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जो निकष घालून दिला तोच आजही चालतो. की बरोबर आहे असंच गृहीत धरायचं. ती चुकीची ठरवायची तर चूक उघड दिसली पाहिजे, ओढूनताणून तर्क लढवून सिद्ध केलेली चालणार नाही. त्या विषयातला कुणीही जाणकार हे उत्तर बरोबर म्हणणार नाही, इतकी ती चूक ढळढळीत हवी. त्या प्रकरणात विद्यार्थी जिंकले, कारण त्यांच्या हातात पाठ्यपुस्तकं होती.

डिसेंबर 2017 मध्ये रण विजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या शिक्षक भरतीच्या निकालात हे आणखी आवळलं गेलं. नियमात फेरतपासणीची तरतूद असेल तर परीक्षा घेणारी यंत्रणा ती करू शकते. नसेल, तर न्यायालयाने अगदी क्वचित आणि चूक स्पष्ट दिसत असेल तरच हात घालायचा. न्यायाधीशाने स्वतः उत्तरपत्रिका तपासायला बसायचं नाही. आणि तुम्हाला सगळ्यात जड जाणारं वाक्य म्हणजे, शंका उरली तर तिचा फायदा उमेदवाराला नाही, परीक्षा घेणाऱ्याला. फौजदारीत संशयाचा फायदा आरोपीला मिळतो हे पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. इथे उलटं आहे. जून 2018 मध्ये उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितलं की चूक सिद्ध करण्याचं ओझं उमेदवारावर आहे. त्याआधी, 2010 मध्ये, हिमाचलच्या न्यायाधीश भरतीत उच्च न्यायालयाने प्रश्न आणि उत्तरं स्वतः तपासली होती. तेही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं नाही.

आता तुमचे दोन प्रश्न. तुम्ही ते शब्दशः दिलेले नाहीत, त्यामुळे दोन नमुने घेऊन सांगतो, तुमचे कोणत्या बाजूला बसतात ते तुम्हीच पाहा.

समजा प्रश्न असा आहे: वस्तूची किंमत आधी 20 टक्के वाढवली, मग 20 टक्के कमी केली, तर मूळ किमतीत काय फरक पडेल? कीमध्ये ‘फरक नाही’. शंभराचे एकशे वीस, एकशे वीसचे 20 टक्के म्हणजे चोवीस, उरले शहाण्णव. चार टक्के घट. इथे तज्ज्ञ लागत नाही, वादच शक्य नाही. किंवा महाराष्ट्रात जिल्हे किती, आणि कीमध्ये 35. पालघर 1 ऑगस्ट 2014 पासून छत्तिसावा जिल्हा आहे, सरकारची अधिसूचना आहे. कागद ठेवला की संपलं. असा प्रश्न हातात असेल तर माझा सल्ला, जा.

आता दुसरा नमुना. मराठी वर्णमालेत एकूण वर्ण किती? या एका प्रश्नाने जितकी मुलं भांडायला लावली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या लावली असतील. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत 48. राज्य सरकारने नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने वर्णमाला अद्ययावत केली, ॲ आणि ऑ आले, क्ष आणि ज्ञ विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून धरले, आणि संख्या 52 झाली. पर्यायांत 48 आणि 52 दोन्ही असतील आणि कीमध्ये 48 असेल, तर तुम्ही शासन निर्णय ठेवाल आणि समोरचे सरकारी वकील वर्षानुवर्षं शिकवलं जाणारं पुस्तक ठेवतील. सरकारी परीक्षेत सरकारचा निर्णय प्रमाण, हा युक्तिवाद वजनदार आहे, मी तो करेन. पण न्यायालयाला यात दोन मतं दिसली की शंका आली, आणि शंकेचा फायदा कुणाला ते वर सांगितलंच. प्रयोग, समास, अलंकार यांचे वाद बहुतेक याच वर्गात पडतात. बुद्धिमत्तेच्या संख्यामालिकेत तर एका मालिकेला दोन वेगवेगळे नियम लावून दोन उत्तरं काढता येतात. तुमचा नियम कितीही सुबक असो, कीमागचा नियम बसत असेल तर तुम्ही हरलात.

चालू घडामोडींच्या प्रश्नात एक वेगळी गोम असते. उत्तर कुठल्या तारखेचं धरायचं? पद बदललं, विक्रम मोडला, परीक्षा पुढे ढकलली गेली. तिथे परीक्षेच्या दिवशीची स्थिती दाखवणारा अधिकृत कागद लागतो. क्लासच्या नोट्स, यूट्यूबवरची चर्चा, गाइडचं पान हे पुरावे म्हणून जोडू नका. त्याने अर्ज जाड होतो, एवढंच. शालेय पाठ्यपुस्तक, राजपत्र, शासन निर्णय, संबंधित खात्याचं अधिकृत प्रसिद्धिपत्रक, एवढंच जोडायचं.

तुम्ही आक्षेप मुदतीत घेतला होता, हे फार बरं केलंत. त्याची पोच आहे ना? ईमेल केला असेल तर तो ईमेल, ऑनलाइन भरला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, हातोहात दिला असेल तर शिक्क्याची प्रत. पहिल्या कीवर गप्प बसून निकाल लागल्यावर जागा होणारा उमेदवार न्यायालयाला आवडत नाही. परीक्षेला बसायचं, नापास झालं की प्रक्रियेलाच नावं ठेवायची, हे चालत नाही असं 1995 पासून अनेक निकालांत आलं आहे. कीतली चूक परीक्षेआधी कुणाला कळणार, म्हणून हा मुद्दा तुम्हाला तितका लागू नाही. पण आक्षेप घ्यायची संधी सोडलेली असेल तर सरकारी बाजू तो हमखास काढते.

जायचं कुठे? महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे खंडपीठं आहेत. राज्याच्या सेवेतली भरती हा मॅटचा विषय आहे, त्यामुळे थेट उच्च न्यायालयात रिट याचिका टाकली तर ‘आधी मॅटला जा’ असं सांगून परत पाठवतात आणि दोन-चार महिने फुकट जातात. मॅटच्या निकालावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं, 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालापासून तो रस्ता खुला आहे. पीएसआयची परीक्षा एमपीएससी घेते, तरी तिथलं भांडणही मॅटमध्येच. एसएससी जीडी (केंद्रीय दलांची शिपाई भरती), सीआरपीएफ, सीआयएसएफ यांचं मात्र वेगळं. ती केंद्राची सशस्त्र दलं, त्यांच्यासाठी उच्च न्यायालय.

कायद्याने मुदत एक वर्षाची आहे, प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा 1985, कलम 21. पण ‘वर्ष आहे अजून’ या भरवशावर बसलेल्या मुलांची प्रकरणं मी मरताना पाहिली आहेत. निवेदनामागून निवेदन देत राहिल्याने मुदत वाढत नाही, हेही लक्षात घ्या. खरी मुदत वर्षाची नसते. निवड यादी लागल्यापासून वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी होऊन मुलं प्रशिक्षण केंद्रात रवाना होईपर्यंतचा काळ, तीच तुमची मुदत. तेवढ्यात अर्ज दाखल होऊन ‘एक जागा रिक्त ठेवावी’ किंवा निदान ‘नियुक्त्या या अर्जाच्या निकालाच्या अधीन राहतील’ एवढा अंतरिम आदेश मिळाला, तर तुमच्या प्रकरणात जीव आहे.

याचं कारण छत्तीसगडच्या प्रकरणात दिसतं. तिथल्या सुभेदार, प्लाटून कमांडर आणि उपनिरीक्षक भरतीत काही प्रश्न चुकीचे निघाले, काहींची नमुना उत्तरं चुकीची निघाली. फेरतपासणी झाली, सुधारित यादी लागली, आणि आधीच्या यादीतून रुजू झालेले 26 जण बाहेर फेकले गेले. ते प्रशिक्षण करून काही वर्षं नोकरीत होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये फेरतपासणी योग्य ठरवली, पण त्या 26 जणांना काढू नका म्हटलं, कारण चूक त्यांची नव्हती आणि लबाडीचा आरोपही नव्हता. त्यांना सुधारित यादीच्या तळाशी बसवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बिहारच्या कनिष्ठ अभियंता भरतीत तज्ज्ञांना शंभरपैकी 41 नमुना उत्तरं चुकीची आढळली होती. तिथेही न्यायालयाने योग्य की लावून फेरतपासणी करायला सांगितली आणि आधी लागलेल्यांची नोकरी वाचवली.

या दोन निकालांतून तुमच्या कामाचं एवढंच घ्या. की चुकली हे सिद्ध झालं तर न्यायालय डोळे मिटत नाही. पण आत गेलेल्याला बाहेर काढायला ते नाखूश असतं. त्यामुळे जागा भरून गेल्यावर तुम्ही आलात, तर ‘तुमचं बरोबर आहे, पण आता बसवायचं कुठे’ हा प्रश्न उभा राहतो. म्हणून जागा रिक्त ठेवण्याचा आदेश.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, हिच्यावर चांगली प्रकरणं पडतात. तुमचा अर्ज मंजूर झाल्यावर ज्याची जागा धोक्यात येईल त्याला प्रतिवादी करावं लागतं. त्याला न ऐकता त्याची नोकरी कशी काढणार? सगळी यादी प्रतिवादी करणं शक्य नसतं, पण तुमच्या प्रवर्गातल्या शेवटच्या काही जणांना तरी जोडाच. मुलं इथे कचरतात, कारण तो शेवटचा उमेदवार बऱ्याचदा त्याच अकॅडमीतला, पहाटे बरोबर धावलेला असतो. त्याला आधी फोन करून सांगा. नोटीस अचानक दारात आली की मैत्रीही जाते आणि गावातही विषय होतो.

कागद कसे मिळवायचे? स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकारात मिळते, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा आणि त्यात चारच गोष्टी मागा: माझ्या ओएमआरची प्रत, माझ्या प्रश्नसंचाची पहिली आणि अंतिम की, माझ्या आक्षेपावर काय निर्णय झाला त्याची टिपणी, आणि तो निर्णय ज्या तज्ज्ञाच्या किंवा समितीच्या अभिप्रायावर घेतला त्याची प्रत. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तज्ज्ञांचं नाव द्यायला कार्यालय नकार देईल, द्यायची गरजही नाही, तुम्हाला अभिप्राय हवा. आक्षेप तज्ज्ञाकडे गेलाच नाही, टेबलावरच ‘अमान्य’ शेरा पडला, असं निघालं तर तुमचं प्रकरण एकदम वर येतं. मग तुम्ही न्यायाधिकरणाला उत्तर ठरवायला सांगत नाही, फक्त ‘तज्ज्ञाला एकदा दाखवा’ म्हणता, आणि ती मागणी मान्य होणं कितीतरी सोपं असतं. इतरांचे गुण आणि उत्तरं यांच्याबाबत 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं आहे, त्यामुळे त्या वाटेवर वेळ घालवू नका. हवी ती माहिती मॅटमध्ये सरकारी बाजूच्या उत्तरातून बाहेर काढता येते. आणि माहिती येईपर्यंत अर्ज दाखल करायचं थांबूही नका, 30 दिवस आणि वर अपील म्हणजे मुलं ट्रेनिंगला पोहोचलेली असतील.

या कीच्या घोळाचं मूळ कुठे आहे तेही सांगतो. शिपाई भरतीत प्रत्येक घटकाचा, म्हणजे प्रत्येक अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाचा, आपापला पेपर आणि आपापली की असते. बंदोबस्त सांभाळणाऱ्या कार्यालयाने व्याकरणाचाही पेपर निर्दोष काढावा अशी अपेक्षा आपण करतो. मला ही पद्धतच पटत नाही, पण मॅटमध्ये तो मुद्दा मांडायचा नसतो.

ग्राउंडच्या गुणांबद्दल तुमची तक्रार नाही, तरी विचारणारे असतात म्हणून दोन शब्द. गोळाफेक मोजण्यात किंवा धावण्याच्या वेळेत चूक वाटली तर त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आत, तिथल्या अपील अधिकाऱ्याकडे लेखी द्या. घरी येऊन दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीला किंमत नसते. ओएमआरवर संच चुकीचा गोल केला, पेन्सिल वापरली, खाडाखोड केली, तर जवळपास आशा नाही. तमिळनाडूच्या न्यायाधीश भरतीत उत्तरपत्रिकेत पेन्सिलीच्या खुणा केलेल्या उमेदवाराला उच्च न्यायालयाने दिलासा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो काढून घेतला, सूचना म्हणजे सूचना म्हणून.

खर्चाचं. मॅटमध्ये स्वतः उभं राहून प्रकरण चालवता येतं, कायदा तशी मुभा देतो, पण कीच्या प्रकरणात मी तसं सुचवणार नाही. एकाच प्रश्नावर अडलेले चार-पाच जण असाल तर परवानगी घेऊन एकत्र अर्ज करता येतो आणि फी वाटली जाते. फक्त वरचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा मांडून पाहा. एकाच प्रवर्गात एका जागेसाठी झगडणारे दोघं एकाच वकिलाकडे एकाच अर्जात असतील, तर पुढे पंचाईत होते. आणि ‘मंत्रालयातून गुण वाढवून आणतो’ म्हणणारा कुणी भेटला असेल तर त्याचा नंबर डिलीट करा.

राहिला शेवटचा प्रश्न, केस केली तर पुढच्या भरतीत अडचण येईल का. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये विचारतात ते गुन्हे, अटक, फौजदारी खटले. मॅटमधला अर्ज त्यात मोडत नाही, तो सेवेच्या हक्काचा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. समोर प्रतिवादी म्हणून पोलीस अधीक्षक असतात, पण तो कागदोपत्री पक्षकार. अधिकारी बदलतात, आणि आपल्याविरुद्ध कोणी अर्ज केला हे त्यांना आठवतही नसतं. उलट एक काळजी घ्या. निकाल लागायला वर्ष-दोन वर्षं जाऊ शकतात, तेवढ्यात वयोमर्यादा जवळ आली असेल तर पुढच्या जाहिरातीचा फॉर्म भरा, ग्राउंड सोडू नका. नवीन भरतीत अर्ज केला म्हणून आधीचं प्रकरण कमकुवत होत नाही. जिंकलात तर बहुधा नियुक्ती आणि फार तर मानीव ज्येष्ठता (वेळेवर रुजू झालात असं धरून मोजलेली) मिळेल. मागचा पगार मिळेल ही आशा धरू नका, काम न केलेल्या दिवसांचा पगार मॅट सहसा देत नाही.

तुमचे दोन्ही प्रश्न, चार पर्याय, तुम्ही गोल केलेलं आणि कीमधलं उत्तर, एवढं लिहून पाठवा. वर्णमाला किंवा मालिकेसारखं काही असेल तर जाऊ नका असंच मी सांगेन. आणि एक जरी वरच्या शंभराचे शहाण्णव या उदाहरणासारखा उघड चुकीचा निघाला, तर याच आठवड्यात अर्ज तयार करायला हवा.